कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा

प्रश्न : गृहकर्ज देताना बँकेने ६० हजारांचा कर्जसंरक्षण विमा कर्जातच मिळवला. ‘विम्याशिवाय फाइल पुढे जात नाही’ म्हणाले. पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पॉलिसी हाती येऊन ३० दिवस झाले नसतील आणि दावा केला नसेल, तर ‘फ्री लूक’मध्ये, म्हणजे पॉलिसी वाचून परत करण्याच्या मुदतीत, रद्द करा. थोड्या दिवसांचा जोखीम-प्रीमियम, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी रक्कम मिळते. अर्ज थेट विमा कंपनीला ईमेलने करा. शाखेत तोंडी सांगितलं की ‘बघतो’ म्हणण्यातच महिना सरतो. समूह पॉलिसी (अनेक कर्जदारांसाठी एकच पॉलिसी) असेल तर तुम्हाला मिळालेल्या विमा प्रमाणपत्रावरची रद्द करण्याची अट आधी वाचा.

मुदत उलटली असल्यास फसवून विकल्याची लेखी तक्रार विमा कंपनीकडे करा. सोबत मंजुरीपत्र, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटी-खर्चाचा तक्ता), विम्याच्या प्रस्ताव अर्जाची प्रत जोडा. अर्जातलं उत्पन्न, सही, ओटीपीची वेळ तपासा. खोट बहुधा तिथेच सापडते. मात्र ‘स्वेच्छेने घेतला’ यावर तुमची सही असेल, तर बाजू लंगडी पडते. अशा वेळी विक्री अधिकाऱ्याचे व्हॉट्सअॅप संदेश कामी येतात.

महिन्याभरात दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. कार्यालयं मुंबई-पुण्यात आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. बँकेच्या सक्तीची तक्रार वेगळी, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

परतावा मुद्दलात वळता करून हप्ता नव्याने काढून घ्या. ९ टक्क्यांनी २० वर्षांत या ६० हजारांचे सुमारे १ लाख ३० हजार होतात.