न्यायालय आणि मन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

न्यायसहायक मानसशास्त्राविषयी येणाऱ्या पत्रांत तेच गैरसमज पुन्हा पुन्हा आढळतात. खोटे बोलणारा माणूस नजर चोरतो, मनोविकाराचा दाखला मिळाला की आरोपी सुटतो आणि तज्ज्ञाने सांगितले की गुन्हा सिद्ध झाला, असे पुष्कळांना वाटते. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे. चालू खटल्यांविषयी विचारणाऱ्यांनी कृपया ध्यानात घ्यावे की, व्यक्तीला न भेटता आणि कागदपत्रे न वाचता मत देणे या व्यवसायात गैर मानले जाते.

न्यायसहायक मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत फरक काय?

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो रोगाचे निदान करून औषधे देतो. न्यायसहायक मानसशास्त्रज्ञ कायद्याने विचारलेल्या एखाद्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राच्या आधारे शोधतो. आरोपीला खटल्याचे कामकाज समजते का, घटनेच्या वेळी त्याची मनःस्थिती कशी होती, साक्षीदाराची जबानी कोणत्या पद्धतीने घेतली गेली, मुलाचा ताबा कोणाकडे असणे त्याच्या हिताचे आहे, असे ते प्रश्न असतात. साक्षीदाराच्या आठवणीवर न्यायालयांनी डोळे मिटून विसंबू नये, असे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी १९०८ मध्येच लिहिले होते. पण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या शाखेला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती २००१ मध्ये.

तज्ज्ञाचा अहवाल विरोधात गेला, तर न्यायालयाला शिक्षा द्यावीच लागते का?

नाही. तज्ज्ञ मत देतो, निर्णय न्यायालय करते.

माझ्या भावावर चोरीचा आळ आला आहे. एक खासगी संस्था पैसे घेऊन ‘सत्यशोधन चाचणी’ करते आणि ‘न्यायालयात चालणारे प्रमाणपत्र’ देते. चाचणी करून घ्यावी का? अनुभवी माणसाला चेहऱ्यावरून खोटे ओळखता येते, हेही खरे आहे ना?

आधी चेहऱ्याविषयी. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो यांनी सुमारे चोवीस हजार व्यक्तींच्या निवाड्यांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर येतात. नजर चोरणे, घाम येणे, अडखळणे ही भीतीची लक्षणे आहेत आणि निरपराध माणसालाही भीती वाटतेच.

पॉलिग्राफ यंत्राचेही तसेच आहे. ते श्वास, रक्तदाब आणि त्वचेवरील घाम मोजते. खोटेपणा मोजणारे यंत्र अस्तित्वात नाही. अमेरिकेतील एका न्यायालयाने १९२३ मध्ये, फ्राय खटल्यात, रक्तदाबावर आधारलेली अशीच चाचणी पुरावा म्हणून नाकारली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये पॉलिग्राफवरील संशोधन तपासले आणि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा-छाननीसाठी तो पुरेसा अचूक नसल्याचे सांगितले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी प्रकरणात असा निर्णय दिला की, पॉलिग्राफ, नार्को (औषधाने गुंगी आणून प्रश्न विचारणे) आणि मेंदूच्या लहरींची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही.

‘न्यायालयात चालणारे प्रमाणपत्र’ हे शब्द ग्राहक ओढण्यासाठी वापरलेले आहेत आणि अडचणीत सापडलेल्या कुटुंबाच्या घाबरलेपणावर असा धंदा करणे मला अत्यंत गर्हणीय वाटते. भावाने त्या संस्थेत जाऊ नये आणि वकिलाला विचारल्याशिवाय कोणत्याही चाचणीच्या संमतिपत्रावर सही करू नये.

गंभीर गुन्हा करून ‘मी वेडा आहे’ म्हणायचे आणि सुटायचे, हा न्याय आहे का?

असे सुटता येत नाही. मनोविकार असणे आणि कायद्याच्या दृष्टीने जबाबदार नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इंग्लंडमध्ये १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली आणि त्यात ड्रमंड यांचा मृत्यू झाला. वेडाच्या कारणावरून मॅकनॉटन निर्दोष ठरला, तेव्हा लोक संतापले आणि त्यातून जी कसोटी ठरली तिचाच आधार आजही अनेक देशांचे कायदे घेतात. मनोविकारामुळे आपण काय करत आहोत हे, किंवा ते चुकीचे आहे हे, त्या क्षणी कळत नव्हते का, एवढेच ती कसोटी विचारते. पुष्कळ मनोरुग्णांना हे दोन्ही कळत असते, म्हणून निदानाचा कागद पुरेसा ठरत नाही. मॅकनॉटनही घरी गेला नाही. मरेपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, तो वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त होता.

खटल्याला सामोरे जाण्यास आरोपी आज मनाने सक्षम आहे का, हा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असले, तर खटला थांबतो आणि उपचार सुरू होतात. बातम्यांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते. एखाद्या नातेवाइकाच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहिला असेल, तर त्याची जुनी औषधपत्रे आणि रुग्णालयाचे कागद आजच गोळा करून वकिलाकडे द्यावेत. घटनेच्या वेळची मनःस्थिती महिने उलटल्यावर पडताळणे फार कठीण असते.

घटस्फोटाच्या दाव्यात मुलीच्या ताब्याचा प्रश्न आहे. तिची समुपदेशक तिला दोन वर्षांपासून ओळखते. तिनेच तज्ज्ञ म्हणून अहवाल दिला तर चालेल ना?

मी तसा सल्ला देणार नाही. समुपदेशक मुलीच्या बाजूची असते आणि तिने तसेच असायला हवे. ताब्याविषयी मत देणाऱ्या तज्ज्ञाला मात्र दोन्ही पालकांना भेटावे लागते, कागदपत्रे पडताळावी लागतात आणि कोणाचीही बाजू घ्यायची नसते. एकाच व्यक्तीने दोन्ही भूमिका घेतल्या, तर अहवाल उलटतपासणीत टिकत नाही आणि मुलीचा विश्वासाचा माणूसही जातो. स्वतंत्र मूल्यमापनासाठी वकिलामार्फत न्यायालयाकडे अर्ज करावा.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाने ओळखीच्या एका माणसाविषयी काहीतरी विचित्र सांगितले. मी, आजीने आणि त्याच्या बाईंनी त्याला नीट विचारून पाहिले, पण तो दर वेळी थोडे वेगळे सांगतो. तक्रार करण्यापूर्वी आणखी किती वेळा विचारावे?

एकदाही नाही. हे उत्तर वाचून होताच तक्रार करावी, मुलाला त्या माणसापासून दूर ठेवावे आणि यापुढे घरातल्या कोणीही त्याला या विषयावर प्रश्न विचारू नये. मुलाच्या अंगावर इजा असेल किंवा त्याला काही त्रास होत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे.

आपण हेतुपुरस्सर काही चुकीचे केलेले नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही या विषयावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर झालेले असते आणि ते पुढे कोणालाही भरून काढता येत नाही.

मुलाच्या जबानीचा प्रतिलेख, म्हणजे शब्दशः लिहून काढलेली प्रत, वाचताना मी दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसते. मूल आपणहून जे बोलले ते निळ्या पेन्सिलीने अधोरेखित करते आणि मोठ्या माणसाने जे आधी उच्चारले व मुलाने नंतर मान्य केले ते लाल पेन्सिलीने. एका प्रतिलेखात पहिल्या पानावर आई विचारते, “दार लावलं होतं का?” मूल म्हणते, “नाही.” आई म्हणते, “नीट आठव बाळा, लावलं असेल ना?” मूल म्हणते, “हो.” पुढच्या आठवड्यात तेच मूल दुसऱ्या कोणाला सांगते, की दार लावले होते आणि वरून कडीही घातली होती. कडीचा उल्लेख तोवर कोणीच केलेला नव्हता. मुलाला त्या वेळी ती कडी खरोखर डोळ्यांसमोर दिसत होती, असे मला वाटते, आणि ते खोटे बोलत होते असे मी कधीही म्हणणार नाही. पण त्या पानांवर निळी रेघ जेमतेम चार ठिकाणी होती. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्या ‘नाही’वर नेमके बोट ठेवले. त्या मुलासोबत काय घडले, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, आणि घडले असेल तर त्याला न्याय मिळालेला नाही.

असे का होते? आठवण साठवून ठेवलेल्या चित्रफितीसारखी नसते. ती दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि विचारणाऱ्याचे शब्द त्या जुळणीत मिसळतात. मोठ्यांचेही हेच होते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा’ वेग किती होता असे विचारले, तर काहींना ‘आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा’ असे. आठवड्यानंतर फुटलेल्या काचा पाहिल्याचे पहिल्या गटातल्या ५० जणांपैकी ७ जणांनी सांगितले आणि दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १६ जणांनी. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. एका क्रियापदाने एवढा फरक पडला.

लहान मुलांच्या बाबतीत यात मोठ्यांचा धाक आणि प्रेम यांची भर पडते. आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला, याचा मुलाला कळणारा अर्थ ‘आधीचे उत्तर चुकले’ असा असतो. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीत मुलांचे लैंगिक शोषण झाल्याच्या आरोपांचे प्रकरण १९८३ मध्ये उभे राहिले; शेकडो मुलांना सूचक प्रश्न विचारले गेले, पढवणारी शाबासकी दिली गेली, ‘बाकीच्या मुलांनी तर सांगितले’ असेही म्हटले गेले, आणि १९९० मध्ये एकाही दोषसिद्धीविना सगळे संपले. पुढे १९९८ मध्ये संशोधकांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर तीच तंत्रे तपासून पाहिली. वर्गात येऊन गोष्ट सांगून गेलेल्या एका पाहुण्याविषयी न घडलेल्या गोष्टी विचारल्या, तेव्हा नुसत्या सूचक प्रश्नांना १७ टक्के चुकीचे होकार मिळाले. शाबासकी आणि इतर मुलांचा दाखला यांची जोड मिळताच ते प्रमाण ५८ टक्क्यांवर गेले. यासाठी प्रत्येक मुलाला पाच मिनिटेही लागली नाहीत.

यावरून कोणी ‘मुले काहीही सांगतात’ असा निष्कर्ष काढू नये. हे ऐकले की मला संताप येतो. मोकळे प्रश्न विचारले, तर लहान मुलेही विश्वासार्ह हकिकत सांगतात, आणि ‘काय झालं ते सगळं सांग’, ‘मग काय झालं?’ अशा प्रश्नांवर आधारलेल्या मुलाखतीच्या पद्धती त्यासाठीच तयार झाल्या आहेत. मूल दर वेळी थोडे वेगळे सांगते, यावरूनही ते खोटे बोलते असे ठरत नाही.

आता आपण एकच काम करावे. मुलाने पहिल्यांदा काय सांगितले, कोणत्या शब्दांत, केव्हा, कुठे आणि तुम्ही तिघांनी त्याला काय काय विचारले, हे आठवेल तसे लिहून काढावे. स्वतःचे सूचक प्रश्न लपवू नयेत. मुलाचे शब्द सुधारून लिहू नयेत. त्याने एखाद्या अवयवाला घरगुती शब्द वापरला असेल, तर तोच लिहावा. हा कागद तपास अधिकाऱ्याकडे द्यावा आणि मुलाची मुलाखत प्रशिक्षित व्यक्तीने, ध्वनिचित्रमुद्रण करून, शक्य तितक्या लवकर घ्यावी असा आग्रह धरावा. मूल आपणहून काही बोलू लागले, तर शांतपणे ऐकावे, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढेच म्हणावे आणि पुढे प्रश्न जोडू नये. खात्री करून घेणे हे पालकांचे काम नाही. संशय कळवणे हे आहे.

ओळख परेडला जायचे आहे. पण आरोपीचे छायाचित्र मी मोबाइलवर आधीच पाहिले आहे. हे सांगितले तर माझी साक्ष कमकुवत होईल का?

सांगावेच, आणि परेडच्या आधी सांगावे. चेहरा घटनास्थळी पाहिला की छायाचित्रात, हे नंतर वेगळे करता येत नाही. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे पुढे निर्दोष ठरलेल्या बहुसंख्य कैद्यांच्या बाबतीत प्रत्यक्षदर्शीने चुकीचा माणूस ओळखला होता, आणि ते साक्षीदार बहुतेक प्रामाणिक होते. रांगेत तो माणूस नसूही शकतो, हे मनाशी धरून जावे. ओळखल्यावर खात्री किती वाटते, ते कोणी काही बोलण्याआधी नोंदवून घ्यायला सांगावे.

न्यायालयाच्या आदेशाने मूल्यमापन होणार आहे. मी तज्ज्ञाला सांगितलेले गुप्त राहील ना? वकिलाच्या ओळखीच्या एकाने काही उत्तरे पाठ करायला दिली आहेत.

गुप्त राहणार नाही. उपचारासाठी भेटलेल्या तज्ज्ञाला जी गुप्तता पाळावी लागते, ती येथे लागू होत नाही. आपण जे सांगाल ते अहवालात येऊ शकते. कोणाचेही मूल्यमापन सुरू करण्यापूर्वी मी पहिले वाक्य हेच उच्चारते आणि समोरच्याला ते समजले का, हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावते. आपल्यालाही असे सांगितले गेले नाही, तर स्वतःहून विचारावे. पाठ केलेली उत्तरे टाकून द्यावीत, कारण लक्षणे बनवून किंवा लपवून सांगितली जात आहेत का, हे तपासण्याच्या चाचण्या मूल्यमापनात असतात. कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचे आणि कोणत्या नाही, याविषयी मात्र भेटीच्या आधी आपल्या वकिलाशी प्रत्यक्ष बोलावे, ओळखीच्या माणसाशी नव्हे.