गुरूकडे गेलेल्या नासाच्या गॅलिलिओ यानाची मुख्य अँटेना उघडलीच नाही, तरी ती मोहीम यशस्वी का मानतात? गुरूकडेच पाठवलेल्या युरोपा क्लिपर यानाचंही तसं झालं तर?

यशस्वी का, तर गुरूच्या गॅनिमिड या चंद्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे हे गॅलिलिओनं शोधलं, आणि युरोपा या दुसऱ्या चंद्राच्या बर्फाखाली खारा समुद्र असावा याचा भक्कम पुरावाही त्यानंच दिला. अजून काय पाहिजे? मला बोलायचंय ते अँटेनाबद्दल, कारण त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालते.

ती अँटेना म्हणजे 4.8 मीटरची छत्रीच. 18 काड्या आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली जाळी. 1986 च्या मेमध्ये उडायचं होतं. जानेवारीत चॅलेंजरचा अपघात झाला आणि यान पडून राहिलं. कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडा, परत कॅलिफोर्निया, पुन्हा फ्लोरिडा, सगळं ट्रकमधून. ऑक्टोबर 1989 मध्ये एकदाचं उडालं. वाटेत शुक्र होता, तिथलं ऊन लागू नये म्हणून छत्री मिटलेलीच ठेवली. एप्रिल 1991 मध्ये उघडायला गेले तर काही काड्या मधल्या खांबालाच धरून बसल्या. उन्हात तापवलं, सावलीत गार केलं, मोटरनं हजारो वेळा धक्के दिले. नाही म्हणजे नाही.

आमची लेथ अशीच. वडील गेल्यावर वाटणीचा वाद झाला आणि शेडला चार वर्षं कुलूप लागलं. मिटलं तेव्हा लेथ थोरल्या भावाकडे गेली. टेम्पोत घालून नव्या जागी नेली. मी म्हटलं, "दादा, हेडस्टॉक, म्हणजे फिरणारा भाग असतो ती पेटी, उघडू, जुनं तेल काढू, बेअरिंग बघू. दोन दिवस जातील." तर म्हणतो कसा, "अरे, जे चाललंच नाही ते खराब होईल कसं?" संध्याकाळी नारळ फोडला, स्विच दाबला. पंधरा मिनिटांत हेडस्टॉक किंचाळायला लागला आणि बेअरिंग जाम. पहिलीच ऑर्डर हातची गेली. वर वहिनींसमोर मला ऐकवलं, तुझ्या अपशकुनी तोंडामुळं झालं!

पडून राहिलेलं मशीन नवं नसतं, हे मी तेव्हापासून सांगतोय. नासाचे इंजिनिअरही शेवटी वंगणावरच आले.

पुढं त्यांनी केलं ते मात्र आमच्यात कुणाला जमलं नसतं. पृथ्वीवर माहिती यायची ती सेकंदाला 134 हजार बिटांऐवजी छोट्या अँटेनावरून फार तर 160. उडत्या यानातलं सॉफ्टवेअर बदललं, फोटो दाबून लहान केले, टेपवर साठवून थेंबथेंब खाली आणले. ती टेपही गुरू गाठायच्या दोन महिने आधी अडकली होती, तिलाही सांभाळून घेतलं. ठरवलेल्या कामातलं साधारण 70 टक्के पदरात पडलं.

क्लिपरचं म्हणाल तर त्याची मुख्य अँटेना 3 मीटरचं घट्ट ताट आहे, उघडायची भानगडच नाही. सौर पंखांचं विचारू नका, ते केव्हाच उघडलेत.

एक कबूल करतो. गॅलिलिओच्या काड्यांना तेल नव्हतं, कोरडं वंगण होतं, आणि ते बहुधा ट्रकच्या हादऱ्यांनी घासून गेलं. आमचं तेल जागच्या जागी सुकून डिंक झालं होतं. शिवाय त्या काड्या डोळ्यांनी बघायला कुणी गेलेलं नाही, सगळा अंदाज. म्हणजे उदाहरण तंतोतंत बसत नाही, दादा हे लगेच पकडेल.

दादा, वाचत असशील तर गेल्या पावसाळ्यापासून झाकून ठेवलेल्या त्या कंप्रेसरला हात लावू नको. रविवारी येतो.