बिल्डिंगमधले जीआय पाईप सारखे का गळतात? नवा टाकलेला तुकडा पण दोन वर्षात कसा गेला?

मी डोंबिवली-कल्याण साईडला प्लंबिंगची कामं घेतो, वीसेक वर्षं झाली. तुम्ही लिहिलंय की बिल्डिंग १९९४ ची आहे, सकाळची पहिली बादली लालसर येते आणि मागच्या वेळी बदललेला तुकडाच परत गळतोय, तर प्लंबरने फसवलं का. फसवलं असेलही, पण नीट काम करूनही असं होतं.

जीआय पाईप म्हणजे लोखंडाचाच पाईप, आतून-बाहेरून जस्ताचा थर दिलेला. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, ते संपलं की गंज चालू. आता पाईप जोडायला आम्ही डाय (आटे कापायचं हत्यार) मारून आटे पाडतो ना, तिथे जस्त खरवडून जातंच, वर पाईपही पातळ होतो. अर्धा इंची बी क्लास, निळ्या पट्ट्याचा, तो मुळात २.६ मिमी जाड, त्यात आटे पाडल्यावर उरणार किती? आणि बिल्डरने पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास टाकला असेल तर २ मिमीच, मग बोलायलाच नको. म्हणून गळती बहुतेक वेळा एल्बो (वळणाचा जोड) नाहीतर सॉकेटच्या (सरळ जोडाच्या) तोंडाशीच सापडते.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीत तिसऱ्या मजल्याचा पाईप कापला, बाहेरून ठणठणीत आणि आत तपकिरी गाठीच गाठी, मधे पेन्सिल कशीबशी जाईल एवढं भोक, आणि तिथल्या काकू वर्षभर म्हणतायत पाण्याला फोर्स नाही, पंप बदला! पाणी रात्रभर त्या गाठींना लागून उभं राहतं म्हणून पहिली बादली लाल, नंतर साफ.

नव्या तुकड्याचं म्हणाल तर जुन्या गंजलेल्या लायनीत कोरा पाईप जोडला की पाण्यात दोघांची बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतो नवा. पितळी कॉकला लागून असलेला जीआय निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा, लवकर जातो तो पण ह्याच कारणाने.

गळती बाथरूममध्ये आहे म्हणताय, तिथे अजून एक भानगड असते. लादीखाली विटांच्या तुकड्यांचं फिलिंग, ते कायम ओलं, त्यातून गेलेला पाईप बाहेरून सडतो. त्यात बाई टाईल्स घासायला ॲसिड ओतते, ते सांध्यांतून खाली उतरून पाईप खातं. हे कोणी सांगत नाही, मी चार घरांत बघितलंय.

तर तुकडे बदलणं थांबवा. गच्चीच्या टाकीपासून नळापर्यंत अख्खी लाईन बदला, लादीखालून न नेता भिंतीवरून फिरवा. गिझरच्या लाईनला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप; साधा प्लास्टिकचा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. तो थंड पाण्याला बाहेरून टाकलात तर रंग मारून घ्या, उन्हाने ठिसूळ होतो. आणि सीपीव्हीसी जिथे कॉकला किंवा गिझरला जोडाल तिथे पितळी आट्यांचं फिटिंगच घ्या, प्लास्टिकच्या आट्यांवर पान्हा जोरात मारला की चीर जाते.

खर्चाला कमिटी नाही म्हणेल, म्हणतेच. पुढच्या वेळी कापलेला पाईप भंगारात देऊ नका, कटरने उभा चिरून मीटिंगला टेबलावर ठेवा.