हळदीकुंकवाला सगळ्याजणी

प्रश्न : सोसायटीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा शेजारणींना बोलावतो, तरी त्या येत नाहीत. काय चुकतं?

उत्तर : बहुतेकदा निमंत्रणच. फलकावर 'सुवासिनींनी यावे' लिहून मागाहून 'तुम्हीही या हं' म्हटलं, की ते उपकारासारखं लागतं. 'सर्व महिलांना आग्रहाचं निमंत्रण' लिहा, दोघींनी घरी जाऊन बोलवा. दारात करंडा धरलेलीचा हात क्षणभर थबकला, तरी सगळं मुसळ केरात! तिला आधीच सांगा : प्रत्येकीला 'लावू ना?' विचारायचं, नको म्हणाली तरी तिळगूळ, गजरा, वाण द्यायचंच. वाण सगळ्यांना एकच. ओटीही सगळ्यांची भरा, नाहीतर कुणाचीच नको. ज्येष्ठ मंडळी अडून बसली, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केलेला विधवा प्रथा बंदीचा ठराव त्यांना जरूर सांगा.