भुईकाट्यावरचा सर्व्हर ऑफिसातून का लागत नाही? सॉकेटला पत्ता कोण देतं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की धरणगावच्या जिनिंगमध्ये भुईकाट्याच्या लिनक्स संगणकावर सी मध्ये सर्व्हर बसवला. त्याच मशीनवर तो चालतो, पण मुनीमजींच्या संगणकावरून जोडलं की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं. शिवाय क्लायंटमध्ये, म्हणजे जोडणी मागणाऱ्या प्रोग्राममध्ये, बाइंड() (सॉकेटला पत्ता देणारं फंक्शन) नसताना त्याला पत्ता कुठून मिळतो, हेही विचारलंय. मी जळगावात अशीच कामं करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुधा तुम्ही बाइंड() मध्ये १२७.०.०.१ दिलाय. सॉकेट म्हणजे नेटवर्क जोडणीचं प्रोग्राममधलं टोक. सॉकेट() नुसता एक डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या टोकाचा क्रमांक, हातात देतो, तेव्हा त्या टोकाला पत्ता नसतो. आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्या मशीनवर प्रोग्राम ओळखायचा क्रमांक) चिकटतात ते बाइंड() मध्ये. १२७.०.०.१ म्हणजे त्याच मशीनपुरतं, बाहेरच्याला तिथे कोणी ऐकतच नाही. त्याजागी ०.०.०.० द्या, म्हणजे मशीनच्या सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐकेल. १९२.१६८.१.२० असा नेमका आयपीही चालतो, पण उद्या राउटरने दुसरा आयपी दिला की बाइंड()च फसतो.

तरीही लागलं नाही तर टर्मिनलवर ‘एसएस -एलटीएन’ (ss -ltn) चालवा, कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकणं चालू आहे ते दिसेल. कोडमध्ये काय लिहिलंय त्यापेक्षा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय सांगतो ते बघायची सवय लावा. समजा कोडमध्ये पोर्ट ८०८० दिलाय आणि तिथे ३६८९५ दिसलं, तर पोर्ट भरताना ‘एचटीओएनएस’ (htons, बाइटचा क्रम नेटवर्कसारखा करणारं फंक्शन) राहिलंय. ८०८० चे दोन बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायात) १एफ आणि ९०. नेटवर्कला मोठा बाइट आधी लागतो, इंटेलचा प्रोसेसर धाकटा आधी ठेवतो. अदलाबदल झाली की ९०१एफ, म्हणजे ३६८९५. कंपायलर चकार शब्द काढत नाही, बाइंड() सुद्धा यशस्वी होतो, आणि माणूस दिवसभर केबल तपासत बसतो.

क्लायंटचं सोपं आहे. बाइंड() केला नाही तर कनेक्ट() च्या वेळी कर्नल स्वतः पोर्ट निवडतो, लिनक्सवर साधारण ३२७६८ ते ६०९९९ मधला, आणि त्या वाटेला लागणारा आयपीही तोच ठरवतो. काय मिळालं ते गेटसॉकनेम() सांगतो.

प्रोग्राम बंद करून लगेच चालू केल्यावर ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ आलं तर घाबरू नका. जुनं कनेक्शन बंद झाल्यावरही मिनिटभर टाइम-वेट या थांबण्याच्या अवस्थेत राहतं. बाइंड() च्या आधी सॉकेटला ‘एसओ_रीयूजअ‍ॅड्र’ (SO_REUSEADDR, तोच पत्ता पुन्हा वापरू देणारा पर्याय) लावा, नंतर लावून उपयोग नाही.

आणि एक विनंती. ०.०.०.० केलं की गेटवरच्या वायफायला जोडलेला कुठलाही मोबाईल त्या पोर्टपर्यंत पोचतो. तिथून शेतकऱ्याच्या कापसाचं वजन जातंय, त्यावर त्याचे पैसे ठरतात. त्यामुळे फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त मुनीमजींच्या संगणकाच्या आयपीला उघडा, आणि राउटरमध्ये दोन्ही संगणकांचे आयपी कायमचे करून घ्या.