माजी मॉडेलने सौंदर्य आणि आयुष्याबद्दल लिहिलेलं चांगलं पुस्तक कोणतं?

पॉलिना पोरिझकोवाचं ‘नो फिल्टर’ (२०२२) घ्या. जन्म तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातला, १९८०च्या दशकात एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या जाहिरातींचा चेहरा. २०१९ मध्ये नवरा गेला. दोघं वेगळे झाले होते, पण घटस्फोट व्हायचा होता. मृत्युपत्रातून आपल्याला वगळलंय हे तिला नंतर कळलं. तो धक्का, सुरकुत्या, दिसण्यावर पोट भरणं, सगळ्याबद्दल ती आडपडदा न ठेवता लिहिते. सुटे निबंध आहेत, कुठूनही उघडा.

मेकअपचंच पुस्तक हवं असेल तर सोमालियाच्या मॉडेल इमानचं ‘द ब्यूटी ऑफ कलर’ (२००५) बघा. गोऱ्या कातडीपलीकडच्या रंगांसाठी लिहिलेलं, त्यामुळे आपल्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यांनाही कामाचं. (फोटो भरपूर, त्यामुळे छापील प्रतच घ्या.)