जुहूला दर पावसाळ्यात जेलीफिश वाढताहेत. हे हवामान बदलामुळेच ना?

नाही. निदान तुम्ही ज्या पाहिल्या त्यांच्याबाबतीत तरी नाही. ऑगस्टमध्ये जुहू-आक्साच्या वाळूत जे निळे फुगे पडतात त्या ब्लू बॉटल, म्हणजे फायसेलिया. ती खरी जेलीफिशही नव्हे. अनेक जीवांची एक वसाहत, वर हवा भरलेलं शीड. तिला पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे जाते. पश्चिमेचा वारा चार दिवस नेटाने लागला की येतात. खच दिसला म्हणून समुद्रात त्या वाढल्या हे कुठलं गणित?

फोटो टाकून ‘बघा, ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणणाऱ्यांना मी एकच सांगतो: आधी मोजा. ओहोटी लागल्यावर दोन तासांच्या आत, सफाईवाले फिरायच्या आधी. भरतीने सोडलेल्या कचऱ्याच्या रेघेवर 100 मीटर चालायचं, प्रत्येक फुगा मोजायचा आणि शीड डावीकडे झुकलंय की उजवीकडे तेही लिहायचं. दोन्ही प्रकार वाऱ्याशी वेगवेगळा कोन करून वाहतात. सगळे एकाच झुकावाचे निघाले, तर वाऱ्यानेच निवडून आणलेत असं समजा. मागच्या तीन दिवसांचा वारा शेजारी लिहा. उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची) मोजणी भांगाच्या (अष्टमीच्या लहान भरतीच्या) मोजणीशी ताडू नका; उधाणाला पाणी वर चढून जुनी-नवी रेघ एक करतं आणि आकडा उगाच फुगतो. हात लावू नका, वाळलेले धागेही डंख करतात.

हवामानाचा खरा खेळ दिसत नाही तिथे चालतो. बऱ्याच खऱ्या जेलीफिशचं बालपण कठीण पृष्ठभागाला चिकटलेल्या काही मिलिमीटरच्या पॉलिप नावाच्या अवस्थेत जातं. योग्य तापमान मिळालं की पॉलिपपासून एकावर एक रचलेल्या बशीसारख्या चकत्या सुटतात, त्याच पुढे जेलीफिश होतात. थंड प्रदेशातल्या ऑरेलिया या जेलीफिशला त्यासाठी हिवाळ्याचा गारवा लागतो, भूमध्य समुद्रातल्या कोटिलोरायझाला ऊब. म्हणून ‘पाणी तापलं की जेलीफिश वाढतात’ हे वाक्य अर्धवट आहे. 2013 मध्ये जगभरच्या जुन्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा सुमारे 20 वर्षांचा चढ-उतार दिसला, सलग वाढीचा ठोस पुरावा नाही. तुम्ही चढावर उभे राहून फोटो काढला तर वाढच दिसणार.

आता हेही खरं, की हवामानाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनारपट्टीच्या उथळ समुद्रात तळाशी कमी ऑक्सिजनचं पाणी चढतं. मासे निघून जातात, जेलीफिश तग धरतात. डोलीचा, म्हणजे प्रवाहात बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचा, खोला (शेवटची पिशवी) जेलीफिशने भरला की खालचा जवळा चेंगरून जातो, ते नुकसान खरंच आहे. पण त्यात मासेमारीचा ताण आणि खाडीतलं सांडपाणीही येतं. एकट्या तापमानावर ढकलून मोकळं होता येत नाही.

पॉलिप शोधायचे तर 15 सेंटिमीटरच्या खरखरीत प्लॅस्टिकच्या पाट्या धक्क्याखाली सावलीत आडव्या टांगा, सर्वांत मोठ्या ओहोटीलाही बुडालेल्या राहतील इतक्या खोल. पाटीची खालची बाजू पाहायची. वरची आपल्याकडच्या गाळाने काही दिवसांत बुजते. दर पंधरा दिवसांनी काढा, नाहीतर कालवं आणि बार्नॅकल जागा व्यापतात आणि खाली काय होतं ते कळतच नाही.